माझ्याशिवाय चाललेली गिरणी

मला टायफॉईड झाला ते बरंच झालं, असं मी म्हटलं की घरातले सगळे माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत. त्या एकवीस दिवसांत मला जेवढी अक्कल आली, तेवढी आधीच्या पाच वर्षांत आली नव्हती.

वाशीत तेव्हा माणसं कमी आणि चिखल जास्त होता. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून मी आमच्या बिल्डिंगसमोरच्या गाळ्यात पिठाची गिरणी टाकली. वस्ती नवीन, माणसं कुठून कुठून आलेली. देशावरच्यांना ज्वारी-बाजरी लागायची, जुहूगावातल्या आगरी बायकांना भाकरीसाठी तांदूळ बारीक करून पाहिजे असायचा, ऑफिसला जाणाऱ्यांच्या घरी गहू. आणि एकादशी-चतुर्थी जवळ आली की झाडून सगळे वरी-राजगिरा घेऊन हजर. मी कुणालाच परत पाठवत नसे. दळण आलं की ओत वरती! सकाळी साडेसहाला शटर उघडायचं ते दिवेलागणीनंतरच खाली यायचं. दुपारी बायको डबा घेऊन यायची, तो मी उभ्याउभ्या पोटात ढकलायचो. भुवया कायम पांढऱ्या आणि डोकं कायम तापलेलं. बाजरीच्या मागोमाग गहू दळला की चपात्या तुटायच्या, बायका तक्रार घेऊन यायच्या, आणि मी त्यांच्यावरच खेकसायचो, "मग घरी जातं घेऊन बसा!"

त्याच सुमारास शाळेच्या एका वर्गात छोट्या धंदेवाल्यांसाठी तीन रविवारचं शिबिर लागलं. फुकट होतं म्हणून मीही गेलो. सफारी घातलेले एक सर शिकवायला होते. त्यांनी सगळ्यांना कागद दिले आणि म्हणाले, "पाच वर्षांनी कुठे पोचायचंय, एका ओळीत लिहा."

मी जराही विचार न करता लिहिलं, नेरूळला दुसरी गिरणी. तिकडे नवी घरं उठत होती. मी एक गाळासुद्धा हेरून ठेवला होता.

सरांनी कागद वाचला. "छान. मग वाशीची गिरणी कोण बघणार?"

"मीच."

"आणि नेरूळची?"

"मीच."

वर्गात हशा पिकला. तळोज्याला कँटीन चालवणारे एक जाडजूड गृहस्थ तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझं टाळकंच सटकलं. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दुसरीचं नंतर बघू हो. उद्या तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर पहिलीचं काय होईल, ते आधी ठरवा." मी मनात म्हटलं, पडतंय कोण आजारी?

दिवाळी सरली आणि पडलो. डॉक्टरांनी बजावलं की तीन आठवडे अंथरूण सोडायचं नाही. इकडे मार्केटच्या बाजूला नुकतीच एक नवी गिरणी निघाली होती, 'गार पीठ मिळेल' अशी पाटी लावून. दळताना पीठ तापत नाही म्हणे. मला तापापेक्षा त्या पाटीनेच जास्त घाम फुटायचा. दळणाचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या गिरणीकडे वळलं की परत येत नाही. नेरूळ राहिलं बाजूला, आहे ती गिरणीसुद्धा जाणार आणि मी पुन्हा कारखान्याच्या गेटवर हात जोडून उभा राहणार, एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उशाशी येऊन म्हणाली, "किल्ली द्या."

"कशाला?"

"गिरणी उघडते."

"वेडबीड लागलंय का? पट्ट्यात पदर गेला तर?"

"पदर खोचीन. वरून तुमचा शर्ट घालीन."

"अगं, चाक फिरवून दगड किती जवळ घ्यायचे, किती लांब, तुला कळणार आहे का काही?"

तिने खुंटीवरचा माझा खाकी शर्ट चढवला, किल्ली घेतली, उकळलेलं पाणी आणि मऊ भात माझ्या हाताशी ठेवला आणि गेली. मी पाच वर्षांत तिला गिरणीच्या बटणाला हात लावू दिला नव्हता.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, गिरणी बरोबर समोर. त्यामुळे आवाज सगळा ऐकू यायचा. दगड फार जवळ आले की गिरणी किंचाळते, हे दळणाऱ्याला न बघता कळतं. पहिल्याच दिवशी ती अशी किंचाळायला लागली की मी अंथरुणातून ओरडलो, "चाक उलटं फिरव! उलटं!" ते तिला कुठलं ऐकू जाणार? भिंतीला धरत धरत खिडकीपर्यंत गेलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मटकन खाली बसलो. तेवढ्यात आवाज हळूहळू उतरला. अगदी माझ्या हातचा वाटावा असा एकसारखा घरघर आवाज लागला. मी जमिनीवर बसूनच देवाला हात जोडले.

सहा दिवस बरे गेले. गुरुवारी मात्र दहा वाजले तरी समोर चिडीचूप. माझा जीव टांगणीला लागला. मोटार जळली? हिला काही लागलं? दुपारी ती आली तेव्हा मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो.

"काही झालं नाही हो," ती पदर सोडवत म्हणाली. "दगड काढून साफ करून घेतले. आजपासून गुरुवारी फक्त उपासाचं. बाजरी-ज्वारी बुधवारी, तांदूळ शनिवारी, बाकीचे दिवस गहू. खडूने फळ्यावर लिहून ठेवलंय."

"आणि आज गहू घेऊन आले त्यांचं काय?"

"त्यांना उद्या बोलावलं."

"परत पाठवलंस? मेलो! सगळे त्या गार पीठवाल्याकडे जातील. एखाद्याचं तातडीचं असलं तर?"

"तातडीचं कुणाचंच नसतं. तुम्हालाच घाई असते."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पुढचे दोन आठवडे गिरणी किती वेळ चालते आणि किती वेळ बंद असते, एवढंच ऐकत होतो. बंद असली की वाटायचं, संपलं आपलं. तिला विचारायची हिंमत होत नव्हती.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी हिंडायला परवानगी दिली. गुरुवार होता. लटपटत जिना उतरलो आणि रस्त्यातच थबकलो. गाळ्याबाहेर डब्यांची रांग शेजारच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेली होती. ज्यांना मी घरी जातं घेऊन बसायला सांगितलं होतं, त्या बाईसुद्धा मुकाट्याने रांगेत. मार्केटजवळच्या दोन-तीन घरांतल्या बायकाही दिसल्या. उपासाच्या पिठाला गव्हाचा कण लागत नाही म्हणून आलो, असं त्यांनीच मला सांगितलं.

बायको दूध तापवायला वर गेली म्हणून मी जरा गिरणीत उभा राहिलो. जुहूगावची एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन आली. मला बघितलं, आत डोकावली.

"वयनी नाय का?"

"मी आहे ना आजी. द्या इकडे."

"नको बाबा," तिने डबा छातीशी धरला. "ती आली का तिलाच दलू दे. मी बसतं हितंच."

आई शप्पथ, क्षणभर असा राग आला! पाच वर्षं मी इथे मरमर केली, आणि ही बया मला डबा द्यायला तयार नाही? पण तो राग धड वरपर्यंत आलाच नाही. मी पोत्यावर बसलो आणि एकदम हुश्श झालं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी पडलो तरी घर पडणार नव्हतं. इतकी वर्षं जी भीती उरावर घेऊन शटर उघडत होतो, ती गेली. मला हसूही यायला लागलं आणि रडूही. आजीला वाटलं ताप उतरला नाही. तिने मला घरी पिटाळलं. घरी जाऊन मी भर दुपारी दोन वाजता निर्धास्त झोपलो, लग्नानंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी चहा घेताना मी जरा मोठेपणा घेऊनच बायकोला म्हणालो, "मी ठरवलंय. नेरूळचा गाळा घेऊ. नवीन गिरणी मी बघतो. इथली तू सांभाळ, तुला जमतंय."

तिने बशी खाली ठेवली.

"उलटं करू या," ती म्हणाली. "नेरूळला सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल, तिकडे मी जाते. इथली आता बसलीय. फळ्यावर लिहिलंय तसं केलंत तर तुमच्या हातूनही बिघडायची नाही."

एरवी मी कप आपटला असता. त्या दिवशी मी तिला अजून अर्धा कप चहा मागितला आणि हो म्हणालो.