अंगठ्याची जागा

बाजारात त्याला सगळे फुंकरदादा म्हणत. साफ करायला आलेल्या जुन्या ड्रमवर फडकं ठेवण्याआधी तो त्यावर हलकी फुंकर मारायचा. धुळीत खडा असला आणि तसंच पुसलं, तर ओरखडा आलाच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. कारण तरुणपणी त्याने एका लाल चमकीच्या ड्रमवर भसकन स्पिरिट फिरवलं होतं आणि सगळा लाल रंग फडक्यावर आला होता. तेव्हापासून नवं औषध आधी लोखंडी पट्टीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं, मग पुढे जायचं, असा त्याचा नेम होता.

गिऱ्हाइकांना तो एकच गोष्ट ऐकवायचा. "मळ काढून देईन. खूण काढणार नाही. मळ कुणाचाही असतो, खूण वाजवणाऱ्याची असते." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेवटी विचारायचंच, "पण नव्यासारखा होईल ना?"

त्याचा थोरला भाऊ एकेकाळचा नावाजलेला वाजवणारा. आता त्याची आठवण विटत चालली होती. माणसं पुसली जात होती, पण ड्रम तेवढा राहिला होता. "माझा सोनेरी ड्रम कुठंय?" हे दिवसातून दहादा.

"भावोजी, लवकर करा," वहिनी म्हणाली. "काल मलाच विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या? ड्रमही विसरायच्या आत तो एकदा त्यांच्या हातात द्या."

माळ्यावरून काढलेला तो ड्रम फुंकरदादाने आधी उजेडात धरून पाहिला. सोनेरी लाखेचा थर इतका पातळ, की ओल्या कापसानेही सुटेल. तो कोरड्या, मऊ कापडाने वीत वीत पुढे सरकत गेला. डाव्या अंगाला, कडेच्या खाली, एक काळपट उघडा ठिपका होता. लाख जाऊन लाकूड दिसत होतं.

आणि इथे या शहाण्याची अक्कल गहाण पडली. थोरल्या दादाला ड्रम घरी आला त्या दिवसासारखा दिसावा, एवढंच त्याच्या मनात होतं. ठिपका त्याने भरला, रंग जुळवला, थरावर थर दिले आणि घासून सपाट केला. जागा त्याची त्यालाच सापडेना. फार दिवसांनी तो स्वतःवर खूश झाला.

थोरल्याच्या मांडीवर ड्रम ठेवला, तेव्हा तो खुलला. "झकास आहे. कुणाचा?"

"तुझाच, दादा."

थोरल्याचा डावा हात आपोआप कडेखाली गेला. अंगठा काहीतरी शोधू लागला. पुढे गेला, मागे आला, घसरला. आता कुठे फुंकरदादाला आठवलं: वाजवायची आपली पाळी येईपर्यंत दादा तिथेच अंगठा टेकवून बसायचा. जन्मभर.

थोरल्याने हात काढून घेतला. "माझा नाही हा. माझ्या ड्रमला इथे अंगठ्याची जागा आहे."

"होती, दादा. मी भरली. चुकलं माझं."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, परक्या पण भल्या माणसाकडे पाहावं तसं. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," थोरला समजुतीने म्हणाला. "ज्याचा असेल त्याला देऊन टाका. माझा ड्रम माझ्या धाकट्या भावाकडे आहे, साफ करायला दिलाय. फार जपून काम करतो तो. खूण कधी घालवायचा नाही."

"बरं," फुंकरदादा म्हणाला.

त्याने ड्रम कापडात गुंडाळला आणि दुकानात आणला. रंग खरवडायला पातं हातात घेतलं, पण खाली ठेवलं. खरवडलं तर खड्डा पडला असता, जागा झाली नसती. मग तो ड्रम मांडीवर घेऊन बसला आणि आपलाच अंगठा तिथे घासत राहिला.