कवेलूवरचा दात

नांदुरा स्टेशनवर उतरलो आणि सवयीने आधी डोंगर शोधू लागलो. देवरुखच्या माणसाला कुठेही गेलं तरी नजर टेकवायला डोंगर लागतो. इथे नजर टेकायला काहीच नव्हतं. काळी सपाट जमीन, वैशाखातलं पांढरं ऊन आणि स्टँडवर धुळीने माखलेली जळगाव जामोदची एस.टी.

शेजारी बसलेल्या फेटेवाल्या काकांनी माझ्या ट्रंकेकडे पाहून विचारलं, "कुठून आले जी?"

"मुंबईहून. दातांचा डॉक्टर आहे. इथे शिकायला आलोय."

"मुंबईहून इकडे? शिकाले?" काकांनी मागच्या बाकाकडे मान वळवली. "अबे रामा, आयकलं का? आता मुंबईवाले आपल्याकडे शिकाले येऊन राह्यले!"

पूर्णा नदी ओलांडेपर्यंत अर्धी गाडी त्यावर हसत होती. मीही हसलो. मग समोर सातपुडा दिसला, धुरकट निळा, लांबच लांब, आणि मला एकदम बरं वाटलं.

खरं तर काकांचं आश्चर्य रास्त होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील उन्हाळ्यात लोकांच्या घरांची कौलं चाळून देतात. शिष्यवृत्तीवर मी डॉक्टर झालो. परीक्षेत उत्तम गुण होते, पण हातात प्रत्यक्ष काम फार थोडं होतं. आमचे एक सर परदेशात शिकून परत आपल्या जळगाव जामोदलाच दवाखाना थाटून बसले होते. दर उन्हाळ्यात ते पाच-सहा नवख्या दंतवैद्यांना बोलावून जबड्याच्या शस्त्रक्रिया हातांनी करायला शिकवत, एक पैसाही न घेता. यंदा माझी निवड झाली होती.

वर्ग भरे तो बंद जिनात (कापसाची सरकी काढायचा कारखाना). लांबलचक शेड, कोपऱ्यात उरलेला कापूस, आणि मधोमध पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र.

"परदेशात आता हाडात धातूचा खुंट रोवून त्यावर दात बसवायचे प्रयोग चाललेत," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "ते आपल्याकडे यायचं तेव्हा येईल. पण हिरडी उघडणं, हाड न फोडता काम करणं, नीट शिवणं, याला परदेश लागत नाही. बोकड लागतो."

म्हणून रोज सकाळी मी आणि माझा खोलीतला सोबती, पुण्याचा कुलकर्णी, खाटकाकडे जात असू. "नुसते जबडे?" खाटीक रोज तितक्याच दुःखाने विचारी. "कलेजी घ्या ना, साहेब. जबड्यात काय हाय?"

आमचं जेवण वच्छलाबाईंकडे होतं. शेडमागेच त्यांचं घर, गोठा आणि भाजीचा मळा. त्यांच्या हातची कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) खाऊन कुलकर्णीच्या डोळ्यांतून धारा लागत. बाई प्रेमाने वर आणखी वाढत. "काऊन रडून राह्यले भाऊ? मायची आठवण आली का?"

त्यांची मुलगी सुमन मॅट्रिक झालेली. येत्या मंगळवारी बुलढाण्याला तिची शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी मुलाखत होती. वाढताना ती आमच्यावरच तालीम करी. "माझे नाव सुमन. मी शिक्षिका होऊ इच्छिते." आणि हळूच विचारी, "पुण्यासारखं वाटते ना जी?" कुलकर्णी, खरा सभ्य माणूस, म्हणे, "माझ्यापेक्षा बरं."

माझं मात्र बरं चाललं नव्हतं. हात थरथरे. एका जबड्याचं हाड मी सरळ फोडलं, तेव्हा सर म्हणाले, "बोकड तक्रार करत नाही म्हणून वाचलास." रात्री खाटेवर पडून मी विचार केला, यापेक्षा औषधांचं दुकान बरं.

शनिवारी सकाळी वच्छलाबाईंचा आवाज शेडपर्यंत आला. आम्ही धावलो. दूध काढताना गाईने मान झटकली होती आणि शिंगाच्या बुडाने सुमनचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला होता. ती ओढणीने तोंड दाबून ओट्यावर बसली होती.

"मी नाई जात बुलडाण्याले," ती ओढणीतून म्हणाली. "नाव सांगतो त शिट्टी वाजते. सुमन म्हणताच येत नाई मले."

सरांनी तिचं तोंड पाहिलं. हाड शाबूत होतं. "दात कुठाय?"

वच्छलाबाई पदराचं टोक पिळू लागल्या.

"बाई, दात कुठाय? लगेच बसवला तर धरेल. सुकला की गेला."

"फेकला ना जी," बाई रडवेल्या झाल्या. "दात पडला का कवेलूवर (कौलांवर) फेका लागते. हात आपोआपच उठला वो!"

"अवं माय," सुमन ओढणीतूनच ओरडली, "तो दुधाचा राह्यते! मी काय पाच वर्षांची हावो?"

सगळे वर पाहू लागले. कुलकर्णी छपराकडे पाहून पांढरा पडला. मी चपला काढल्या. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच मला काही येत होतं.

कोकणातली आमची कौलं चपटी, ही अर्धगोल आणि नाजूक. पाय कुठे टाकायचा ते मात्र सगळीकडे सारखंच: खाली वासा असेल तिथे. तरी दोन फुटलीच. खालून लगेच वच्छलाबाईंचा आवाज आला, "ओ डॉक्टर! दात शोधून राह्यले का घर उसवून राह्यले?"

छपरावर पडलेली बारीक वस्तू पन्हळीतून घरंगळते आणि पाचोळा साठलेला असतो तिथे अडकते. लहानपणी माझ्या किती गोट्या अशा मिळाल्या होत्या! निंबाच्या वाळक्या पानांत हात घातला. पांढरं काही लागलं. उंच धरून ओरडलो, "मिळाला!"

सरांनी खालून डोळे बारीक केले. "मूळ दाखव."

मूळ नव्हतंच. इवलासा जुना दुधाचा दात होता तो.

"तो आमच्या मोठ्या पोराचा, गणपतचा असन," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता नागपुरात कंडक्टर हाय तो."

पुढच्या पन्हळीत आणखी एक दुधाचा. मग तिसऱ्या पन्हळीत, पानांच्या सावलीत, लांब मुळाचा ताजा दात. फक्त चावायच्या टोकाला धरून मी तो खाली दिला. कुलकर्णीने मिठाच्या कोमट पाण्यात झेलला.

सरांनी हात धुतले आणि मला म्हणाले, "चढला तोच बसवेल."

"सर, माझा हात..."

"आत्ता तर कवेलूवर चालत होतास. तेव्हा थरथरला नाहीस."

हिरडी बधिर केली. दात धुतला, मुळाला बोट लागू दिलं नाही. खाचेत धरून हळूच दाबला. तो आत सरकला आणि नेमका जागेवर बसला, कौलात कौल बसावं तसा. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. सरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. थांबून हाताकडे पाहिलं तेव्हा तो स्थिर होता.

"टिकेलच असं नाही," सर तिला खरं तेच म्हणाले. "पण चांगला बसलाय. पुढच्या दातांनी काही चावायचं नाही."

सुमनने आरसा मागितला. "तार दिसते."

"दिसते," मी म्हणालो.

तिने आरसा परत दिला. "दिसू द्या. खिडकीपेक्षा बरी."

सोमवारी आमचा वर्ग संपला. मंगळवारी पहाटे मी, वच्छलाबाई आणि सुमन एकाच गाडीने नांदुऱ्याला निघालो. तिथून त्यांना बुलढाण्याची गाडी धरायची होती. सुमनने दूध-भाकरीचा काला करून आणला होता. वाटेत म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी तोंडावर हात दाबला. मग एकमेकांकडे पाहून हसत सुटलो.

नांदुऱ्याला बुलढाण्याच्या गाडीच्या कंडक्टरने विचारलं, "नाव काय तिकिटवालीचं?" तिकिटाला नाव लागत नाही, तो चेष्टाच करत होता. तिने ओढणी खाली घेतली, तार लखलखली. "सुमन," ती म्हणाली. शिट्टी वाजली नाही.

घरी आल्यावर महिन्याभराने सरांचं कार्ड आलं: तार काढली, दात पक्का आहे, मुलगी बुलढाण्याला प्रशिक्षणाला गेली. वाचून झाल्यावर मी वडिलांना छपरावरची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "फुटलेली दोन कौलं बदलून दिलीस ना?"

दिली होती.

त्याच संध्याकाळी धाकट्या भाचीचा दात पडला. आई तो घेऊन अंगणात गेली आणि तिचा हात उठला.

"थांब!" मी ओरडलो. तिच्या तळहातावरचा दात उजेडात धरून नीट पाहिला. मूळ नव्हतं.

"टाक," मी म्हणालो. आईने टाकला. तो पन्हळीतून घरंगळला, आणि कुठे जाऊन अडकला असेल ते मला आणि वडिलांना बरोबर ठाऊक होतं.