सिंदूर लावलेली मासोळी

"नाक घास."

कचेरीतल्या साहेबाच्या बायकोनं माझ्या आईला हे सांगितलं. स्वतःच्या घराच्या पायरीवर, भर सकाळी. मी शाळकरी पोर, आईच्या मागे उभी होते.

पायरीवर एक मोठी रोहू मासोळी पडली होती. कपाळावर सिंदूर, तोंडात विड्याचं पान, अंगावर लाल कापडाचा तुकडा. आईनं ती केळीच्या पानावर घालून दोन्ही हातांनी पुढे केली होती. बाईनं पानाला फटका मारला.

"कुकू लावून मासोळी! माह्या दारात! माह्या पोरीवर करणी करून राह्यली काय वं?"

आई नुसतं "शुभ, बाई, शुभ" म्हणत राहिली. 

साहेब बनियनवर बाहेर आला. त्यानं मासोळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बांगलादेशी हायेत. नाक घासून घे न् हाकल."

माझी आई वाकली. तिनं नाक घासलं. सिमेंटची खरबरीत पायरी होती. नाकाचं टोक सोललं. वर तिला ती पायरी पदरानं पुसायला लावली. मासोळी मी उचलली.

आमचा गुन्हा काय, तर साहेबाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आम्हा बंगाल्यांत लग्नघरी सजवलेली मासोळी नेतात. त्यापरता मान नाही. आईनं वस्तीच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, जाळं टाकायला लावलं, निघालेल्यातली सगळ्यात देखणी मासोळी निवडली, डोक्यावरून न्हाली आणि मगच तिला सिंदूर लावला. माझ्या बहिणीचं लग्न असतं तर असंच केलं असतं. कचेरीतला बाबू म्हणाला होता, "साहेबाच्या घरी कार्य हाये. खाली हात नोका जाऊ. फाईल सरकन." आईनं आपल्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट नेली. तिला काय माहीत, या लोकांच्या दारात कुंकू दिसलं की यांना करणीच आठवते.

आणि करणीचा आळ म्हणजे काय, ते आमच्या जंगलभागात कुणाला सांगावं लागत नाही. इथं त्या आळापायी बायकांना झाडाला बांधून मारलंय. म्हणून आई चटकन वाकली. तिनं नाक देऊन जीव वाचवला.

ती फाईल आमच्या नागरिकत्वाची. सीमेपलीकडून आलो तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मूल गावाच्या पुढे जंगलाला लागून आम्हाला वसवलं. त्या वस्तीला सगळे अजून कॅम्प म्हणतात. माणसं तिथं म्हातारी होऊन मेली, तरी तो कॅम्पच. आई-बाबांनी अर्ज केला. बाबा वाट पाहतापाहता गेले. त्यांच्या मरणाचा दाखला मात्र लगेच मिळाला.

दर खेपेला बाबूचं एकच उत्तर. "फाईल वर गेली हाये."

"वर म्हंजे कुठी, भाऊ?"

"वर म्हंजे वर."

खाली आली की म्हणायचा, तिकडचा पुरावा आणा. तिकडचा! घर पेटल्यावर माणूस पोर उचलतो, की जन्माचा दाखला शोधत बसतो? हे बाबूला आईनं एकदा विचारलं. तो शेजारच्याकडे पाहून हसला आणि चहा पिऊ लागला. त्या चहाची मला अजून चीड येते.

माझा नर्सिंगला नंबर लागला होता. नागरिकत्वाचा कागद मागितला. नव्हता. माझ्या जागी दुसरी गेली. मी मूलच्या बाजारात मासोळ्या विकायला बसले. मासोळ्या विकण्याची मला लाज नाही, आमचा पिढीजात धंदा आहे. पण तो मी निवडला नव्हता. मला त्यात ढकललं, आणि ढकलणारे पंख्याखाली बसले होते.

त्या सकाळनंतर आईनं मासोळीला सिंदूर लावणं सोडलं. माझ्या लग्नात सासरहून मासोळी आली, नटवून, वाजतगाजत. आईनं ती आत नेली आणि कुणी अडवायच्या आधी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसून काढलं. मी नवरीच्या साडीत दारात उभी राहून ते पाहिलं. माझ्याच लग्नातली मासोळी पांढऱ्या कपाळानं अंगणात आली. बायका कुजबुजल्या. 

यंदा कचेरीतून बोलावणं आलं. आईचे गुडघे गेलेत, तिला धरून धरून नेलं. बाबू तोच. केस पिकलेले, खुर्ची मोठी झालेली. आमची फाईल हलली नाही, पण बाबूला बढत्या मिळत गेल्या. साहेब नवा होता, तरणा. बाबूनं त्याच्या कानाशी वाकून, पण आम्हाला ऐकू जाईल असं सांगितलं, "साहेब, हेच ते. सिंदूरवाली मासोळी."

म्हणजे हे इतकी वर्षं आमच्यावर हसत होते. एक साहेब जाताना दुसऱ्याला आमचा किस्सा देऊन जात होता.

नवा साहेब खुर्चीत मागे रेलला. "ही जादूवाली बाई? मग मार ना आजी एखादा मंत्र. सरकव फाईल."

सगळी खोली हसली. बाबू म्हणाला, "पाया पड साहेबाच्या, बुढे. मागचं ते मनात ठेवू नोका म्हण."

आणि माझी आई वाकायला लागली. गुडघे वाकत नव्हते तरी वाकायला लागली. टेबलाला धरून. तिचं नाक मला दिसलं. त्यावरचा तो जुना डाग.

मी तिचा दंड धरला. घट्ट धरला, तिला दुखलं असेल.

"मा, सरळ उभी राह्य."

मग साहेबाकडे वळले. माझा आवाज बाजारात लागतो तसाच लागला. "आमची फाईल काऊन थांबली, ते लिहून द्या. कोन्या कायद्यानं थांबली, ते बी लिहा. मंत्र मले नाई येत. वाचता येते."

 बाबू उठला. "असं बोलशीन तं आनखी लांबन."

"लांबू द्या. कडेवर आली होती मी. आता माह्या पोराचं लगन हाये. आनखी किती लांबवता?"

साहेबानं लिहून दिलं नाही. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.  एसटीतून उतरताना आई एवढंच म्हणाली, "तू सगळं घालवलंस." मी तिला खोटा धीर दिला नाही. कदाचित घालवलंही असेल. ती या देशाची न होताच मरेल, हे मला दिसतंय. पण माझ्यासमोर ती आता कुणापुढे वाकणार नाही.

पुढच्या महिन्यात पोराचं लग्न. मासोळी आमच्याकडून नवरीच्या घरी जायची आहे. मी निवडणार. कपाळभर सिंदूर आईच्या हातानं लावून घेणार. तिनं हात मागे घेतला तर तिचं बोट धरून मी लावणार. आणि मूलच्या भर बाजारातून, त्या पहिल्या साहेबाच्या जुन्या घरावरून, ती मी डोक्यावर उघडी नेणार. ज्याला करणी दिसायची त्याला दिसो.

लग्न उरकलं की पुन्हा कचेरीत. मी एकटी नाही, कॅम्पातल्या ज्यांच्या ज्यांच्या फाईली वर गेल्यात, त्या सगळ्यांना घेऊन. बसायचं नाही, हसायचं नाही, हात जोडायचे नाहीत. कागद द्या, नाही तर कारण लिहून द्या.

मासोळी मिळणार नाही. नाक तर नाहीच.