विदूषकाचा वाकडा जबडा

होउत्वान गावच्या जत्रेत त्या वसंतात मुंगीला शिरायला वाट नव्हती. पिवळ्या मातीचा कडा माणसांनी काळा झाला होता. अक्रोडाच्या झाडांवर पोरं लगडली होती. म्हाताऱ्यांनी पहाटेच स्टुलं मांडून जागा अडवल्या होत्या, आणि खाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा पडला होता. नऊ वर्षांनी दोन पिसांच्या सेनापतीचं नाटक पेटीतून बाहेर निघत होतं.

तो सेनापती पूर्वी तुआन युनशिउ करायची. ती याच गावची लेक. मुकुट चढवला की बाईपण कुठल्या कुठे जाई आणि समोर सेनापती उभा राही. मुकुटावर रानपक्ष्याच्या शेपटीची दोन पुरुषभर लांब पिसं. तिनं मान किंचित हलवली की डावं पीस निवांत पडून राही आणि उजवं एकटंच ताठ उभं राहून गरगरा फिरे. आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर ते दुसऱ्या कुणाला साधलं नाही. सव्विसाव्या वर्षी, दौऱ्यावर असताना ती तापानं गेली. कला तिच्याबरोबर मातीत गेली, असं सगळे म्हणाले.

नाटक कंपनीचा विदूषक होता छियाओ मानछांग. त्या नाटकात तो सेनापतीचा घोडा सांभाळणारा मोतद्दार. सेनापती आत गेला की हा टोपीत पातीचे दोन कांदे खोवून तिची नक्कल करी आणि लोक पोट धरून हसत. ती गेल्यापासून त्यानं कांद्याच्या पातीला त्या कामासाठी हात लावला नव्हता.

आज सेनापती होती फांगहे. विशीतली पोर, आवाज खणखणीत. पण महिनाभर मान मोडेतो सराव करूनही तिची पिसं एक तर दोन्ही उठत, नाही तर दोन्ही पडत.

"आज जमलं नाही, तर हे नाटक पेटीत गेलं ते कायमचं," कंपनीच्या मालकीण लेईताई म्हणाल्या. "या गावात मी दुसऱ्यांदा तोंड दाखवणार नाही."

पडद्यामागे सगळे रंगाच्या वाट्या घेऊन बसले होते. आमच्याकडची रीत अशी, की विदूषकानं स्वतःच्या नाकावर पांढरा ठिपका दिल्याशिवाय राजानंसुद्धा कुंचल्याला शिवायचं नाही. आणि मानछांग कुंचला हातात धरून नुसता बसला होता.

"मानकाका, ठिपका द्या की," फांगहे म्हणाली. "बाहेर ढोल तापलेत."

"नकलेशिवाय करतो म्हणालो, तर ताई ऐकत नाहीत."

"नकलेशिवाय मोतद्दार म्हणजे व्हिनेगरशिवाय शेवया," लेईताई म्हणाल्या.

"मेलेल्या पोरीची टिंगल करू? तिची आई पुढ्यात बसलीय."

"पुढ्यात नाही, मागं उभी आहे," आवाज आला. युनशिउची आई, तुआनकाकी. हातात फुलांच्या आकाराच्या वाफाळत्या पावांची टोपली, आणि वर पातीचे दोन कांदे. "मुडद्या, नऊ वर्षं माझ्या दारावरून मान खाली घालून जातोस. तू नक्कल करायचास, तेव्हा ती पडद्याआडून बघून माझ्यापेक्षा जास्त हसायची. हे घे. माझ्या वाफ्यातले आहेत."

मानछांगनं कांदे घेतले. नाकावर पांढरा ठिपका उमटला, आणि एका दमात सगळ्यांचे कुंचले चालू झाले.

सेनापतीचा पहिला प्रवेश झाला. फांगहेनं मान हलवली. दोन्ही पिसं उठली आणि दोन्ही एकमेकांत अडकली. कड्यावरून कुणी तरी चेष्टेची शीळ घातली. म्हाताऱ्यांनी माना फिरवून बियांचा पुडा उघडला. पोर आत आली ती ओठ चावत.

आता मोतद्दार. मानछांगनं टोपीत कांदे खोवले, डावा खांदा पाडला, आणि डाव्या दाढा अशा काही दाबल्या की जबडा वाकडा होऊन तोंडाचं गाढव झालं. हशाची लाट कड्यापर्यंत गेली. त्याच्या टोपीवर डावी पात लोंबत होती आणि उजवी पात उभी राहून थरथरत होती.

पडद्याआड फांगहे भरलेले डोळे पुसायचं विसरून बघत राहिली.

तो आत येताच तिनं त्याची बाही धरली. "काका, तो जबडा तुमचा की तिचा?"

"तिचाच. मी जरा मोठा करतो, हसू यावं म्हणून."

"पण ती खरंच दाढा दाबायची?"

मानछांग थबकला. बारा वर्षं रोज शेजारी उभा राहून त्यानं ते पाहिलं होतं, रोज लोकांना हसवलं होतं, आणि ते कशासाठी हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"दाबायची," तो हळूच म्हणाला. "डावीकडे. खांदाही तिकडंच सोडायची."

ढोल कडाडले. फांगहे मंचावर गेली, डावा खांदा सोडला, डाव्या दाढा दाबल्या. डावं पीस पाठीवर निजून राहिलं. उजवं हललं, डगमगलं, उठलं. उभं राहिलं. मग फिरायला लागलं, आणि उन्हात त्याचा गोल दिसायला लागला. आख्खा कडा ओरडला. झाडावरचं एक पोर खाली पडलं आणि पडल्या जागी टाळ्या वाजवू लागलं.

मानछांग पडद्याआड तुआनकाकींच्या शेजारी उभा होता.

"बघ, जबडा तस्साच," काकी म्हणाल्या. "लहानपणी उजवी दाढ दुखायची तिची. सगळं डावीकडून चावायची. मी किती ओरडायची, तोंड वाकडं होईल म्हणून."

मानछांगनं टोपीतला एक कांदा काढून त्यांच्या पावात खुपसला, दुसरा आपल्या पावात. बाहेर पीस अजून फिरत होतं. दोघं बघत बघत खाऊ लागले.