बकरीच्या पोटातलं पिल्लू

दर्यापूरहून जीपनं अर्धा तास आत गेलं की लागणाऱ्या एका गावात मी सहा वर्षं शिक्षिका होते. पहिली ते चौथीची शाळा. दोन खोल्या, मुख्याध्यापक आणि मी. राहायला मी अमरावतीला, माहेरी-सासरी सगळे मास्तर नाहीतर वकील. गावातल्या मुलांनी ‘मले’ म्हटलं की ‘मला म्हण’ असं मी दिवसातून वीसदा सांगत असे, आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं मला वाटत नसे.

शनिवारचा चित्रकलेचा तास मात्र मी मनापासून घ्यायचे. रंगपेटी सगळ्यांकडे नसायची, म्हणून गावात जे मिळेल त्यातून करायचं. भेंडी कापून तिचे ठसे. रंगात बुडवलेला दोरा कागदाच्या घडीत ठेवून ओढायचा. जुन्या लग्नपत्रिकांचे पक्षी. रात्री झोपताना नवीन काहीतरी सुचायचं आणि शनिवार कधी येतो असं व्हायचं. पालकसभेत मी ठासून सांगायचे, “मुलांच्या चित्राला घरी कोणी हात लावू नका. वाकडंतिकडं असलं तरी ते त्यांचं आहे.” एक आजोबा त्यावर म्हणाले होते, “आमी कायले लावतो मॅडम? आमाले येते कुठी?” सगळे हसले होते. मीही.

त्या वर्षी दिवाळीनंतर जिल्ह्याच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. प्रत्येक शाळेनं मुलांच्या हातचं एक काम पाठवायचं. मी तिसरी-चौथीला सांगितलं, शेतातून आणि घरातून टाकाऊ वस्तू आणा, त्या चिकटवून आपल्या घरातलं कोणीतरी करा. मुलांनी तुरीच्या शेंगांची टरफलं आणली, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या झाडाच्या काड्या, कापूस, सरकी, कणसाचे केस. कोणी आजी केली, कोणी ट्रॅक्टर.

तिसरीतल्या एका मुलीनं बकरी केली. कमी बोलणारी मुलगी, दोन घट्ट वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली. तिनं पऱ्हाटीच्या सालीच्या पट्ट्या काढून बकरीचं अंग केलं होतं आणि पोटाच्या जागी मोठा गोल मोकळा सोडला होता. त्या गोलात सरकीचे दाणे एकाला एक लावून एक छोटंसं पिल्लू. पाय दुमडलेलं, मान पोटाशी घेतलेलं.

“हे काय गं?” मी विचारलं.

“आमची बकरी गाभण आहे,” ती म्हणाली. “पिल्लू आत आहे.”

“पण आतलं आपल्याला दिसतं का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “मले माहीत आहे ना, आत आहे म्हणून.”

मी ‘मला’ म्हण असं म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले.

चित्र सगळ्यांत चांगलं तेच होतं, हे मला कळत होतं. पाठवायचं तेच, हेही ठरलं. पण शाळा सुटल्यावर मी ते टेबलावर घेऊन बसले आणि मनात आलं, जिल्ह्याचे साहेब बघतील, ते पोट बघून हसतील. बाईंनी एवढंही सांगितलं नाही का, म्हणतील. मी कापसाचा एक पातळ थर घेतला, गम लावला आणि त्या गोलावर बसवला. पिल्लू झाकलं गेलं. मग डोळा जरा वाकडा वाटला, तो काढून दुसरा लावला. कानही सारखे केले. दहा मिनिटांचं काम. वर मला बरं वाटलं, ते सांगायला आज लाज वाटते.

प्रदर्शन अमरावतीला एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होतं. तिच्या आईला कापूस वेचायला जायचं होतं, म्हणून मीच तिला एसटीनं घेऊन आले. टेबलावर स्वतःची बकरी दिसली तेव्हा ती थांबली. बराच वेळ बघत राहिली.

परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ वयानं मोठे होते, मुलांशी छान बोलत होते. आमच्या टेबलाशी ते वाकले. “वा! कापसाची बकरी! पण बाळा, हिचं पोट एवढं मोठं का केलंस?”

“त्यात पिल्लू आहे,” ती म्हणाली. “मॅडमनं झाकलं.”

ते माझ्याकडे वळले. शेजारच्या टेबलावरच्या दोन शिक्षिकाही वळल्या. आमचे केंद्रप्रमुख मागेच उभे होते. मी हसले. अगदी सहज हसले आणि म्हणाले, “काहीही सांगते सर. तिला जरा खोटं बोलायची सवय आहे.”

ते हसून पुढे गेले. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. रडली नाही, रागावलीही नाही. मोठं माणूस असं करू शकतं, हे नुकतंच कळल्यासारखी नुसती बघत होती.

चित्राला दुसरा क्रमांक मिळाला. मंचावर तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं आणि फोटो काढताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या गाडीत मी तिला केळी घेऊन दिली. ती तिनं मांडीवर धरून ठेवली, घरापर्यंत.

त्यानंतर तिनं काही बिघडवलं असतं, चित्र फाडलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. ती उलट शहाणी झाली. पुढच्या शनिवारी अंगठ्याच्या ठशांचा तास होता. सगळी मुलं निळी-लाल झाली होती. ती कोरा कागद घेऊन बसलेली.

“कर ना,” मी म्हटलं.

“काय करू? तुम्ही सांगा.”

“तुला वाटेल ते.”

“तुम्ही सांगा ना मॅडम.”

मी फूल म्हटलं, तिनं फूल केलं. पाच पाकळ्या, सारख्या. नंतर दीड वर्ष ती अशीच, जे सांगेन ते नेटकं करून देणारी. आणि ‘मला’ म्हणू लागली. तिची बकरी व्याली, दोन पिल्लं झाली, हे मला दुसऱ्या मुलांकडून कळलं.

रोज वाटायचं, आज बोलू. पण तिसरीतल्या पोरीची माफी कशी मागायची? काय शब्द वापरायचे? असं करत ती चौथी पास झाली आणि माझी बदली अकोल्याकडे, अकोटजवळच्या एका शाळेत झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी कार्यालयातल्या भिंतीवरची ती बकरी उतरवली. निदान कापूस तरी काढावा, म्हणून सुईनं हळूहळू सोडवू लागले. गम पक्का बसला होता. कापूस निघाला, पण त्याला चिकटून सरकीही निघाली. दाणे टेबलावर पडले, गोलात नुसते डाग राहिले.

मागच्या वर्षी, एका रविवारी, मी त्या गावी गेले. ती तेव्हा सातवीत होती, दर्यापूरच्या शाळेत जायची. तिच्या आईनं लगबगीनं चहा ठेवला. “मॅडम, तुमच्यामुळं पोरगी जिल्ह्यावर गेली,” म्हणाली. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं होतं.

मी दोघींसमोर सांगितलं. झाकलं मी होतं, आणि ही खोटं बोलते असं सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं.

आई हसली. “अवं मॅडम, कितीक वर्स झाले! कायले मनाले लावून घेता? लहानी होती ते, तिले काय आठवते?”

“मले आठवते,” मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “मी खोटी नव्हती बोलली.”

“नाही. तू खरंच बोलली होतीस. खोटं मी बोलले. मला माफ कर.”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मी घरी सांगतलंच नाही,” ती म्हणाली. “आईनं मलेच मारलं असतं, मॅडमचं नाव घेते म्हणून.”

आईनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि तिचं हसणं थांबलं.

मी विचारलं, अजून चित्रं काढतेस का. तर म्हणाली, नाही, चित्रकला आवडत नाही, गणित आवडते. हे तिनं माझ्यावर राग धरून म्हटलं नाही. खरंच तिची गणिताची वही तिथेच उघडी पडली होती, अक्षर सुरेख, पानंच्या पानं भरलेली. मुलांच्या आवडी बदलतात, तिचीही बदलली असेल. अकोटच्या गाडीत बसल्यावर मी स्वतःला हेच समजावत होते. पण ती बदलण्यात माझा हात किती, हे मला सांगू शकेल असं कोणीच नाही, आणि तिलाही ते ठाऊक नसावं. चहा मी तिथे अर्धाच प्यायले होते, आणि त्याबद्दल आई काय म्हणाली असेल, याचाच विचार वाटभर करत राहिले.