प्रल्हादची यादी

मेलबर्नच्या वेशीवरच्या आमच्या ट्रुगानिनातल्या प्रल्हादला याद्यांचं भारी वेड. गणपतीच्या आरतीची यादी स्वतःच्या हाताने लिहायचा आणि युनिला, म्हणजे विद्यापीठात, शिकायला गेलेली पोरं, नाशिकला बसलेल्या सासवा, सगळ्यांना त्यात कोंबायचा. हटकलं तर म्हणायचा, "नाव असलं की माणूस येतो गं, लीना." बायको गेल्यावर त्याला मुलगी तेवढी उरली. ती रुचा, पुलापलीकडे शहरातल्या हॉस्पिटलात नर्स.

गाड्या चोरीला जायला लागल्या तेव्हा शेजारच्या क्रेगने गस्तीचं पथक काढलं. प्रल्हादने आरतीचीच यादी उतरवून त्याला दिली. आपल्या लोकांचा आकडा मोठा दिसावा, एवढीच हौस मेल्याची.

मग या देशात एकमेकांविरुद्ध दोन सरकारं झाली, एक कॅनबेरात आणि एक मेलबर्नमध्ये. गेल्या रविवारी ओव्हलच्या मैदानावर पथकाची पिवळी जॅकेटं रांगेत उभी राहिली आणि क्रेगने वाचून दाखवलं, की हे पथक कॅनबेराच्या बाजूचं, वेळ आली तर बंदुकीसकट. खाली सह्यांच्या जागी प्रल्हादची यादी! अर्व्होपर्यंत, म्हणजे दुपार सरायच्या आत, ती फेसबुकवर गेली. पुलावर मेलबर्नवाल्यांनी चौकी बसवली आणि यादीतलं नाव दिसलं की माणूस गाडीतून उतरवायला लागले.

प्रल्हाद क्रेगकडे धावला. "माझ्या मुलीचं तरी काढ रे."

"सॉरी मेट," क्रेग म्हणाला, "आता नाव काढणं म्हणजे फितुरी."

सोमवारी रुचाची शिफ्ट सकाळी संपली. दुपार झाली तरी ती घरी नाही, फोन बंद. प्रल्हाद इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आला. हातात यादीचा मूळ कागद.

"हे अक्षर माझं आहे. तिला काही माहीत नव्हतं, एवढं पुलावर सांगून येतो."

"अरे शहाण्या, तुलाच धरतील ना!"

"धरू देत," म्हणाला आणि गेला.

रुचा संध्याकाळी आली. हॉस्पिटलच्या व्हॅनने तिला लांबच्या रस्त्याने आणलं होतं, फोनची बॅटरी संपली होती. प्रल्हाद काही आला नाही. आज चौथा दिवस. चौकीवर कुणी धड बोलत नाही.

मघाशी ती माझ्या किचनमध्ये रडत होती. "मावशी, बाबांनी लिहायच्या आधी कुणाला विचारलं का नाही?"

काय सांगू, कपाळ माझं! विचारलं होतं गं त्याने. पहिलं मलाच. मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले होते, "लिही की सगळ्यांची, विचारायचं काय त्यात!"