साक्ष देऊन झाल्यावर

बेंगळुरात, के. आर. पुरमच्या त्या चर्चमध्ये सकाळी कन्नड उपासना, मग तमिळ, आणि दुपारी, माणसं आणि पंखे दोन्ही दमल्यावर, आमची मराठी सभा. जेमतेम पंधरा घरं. तमिळ सभेत दर रविवारी कुणीतरी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठायचं. कुणाचा गुडघा बरा झालेला, कुणाची दारू सुटलेली. आमच्यात साक्षीची वेळ आली की सगळे आपापल्या पायांकडं बघायचे.

"आपल्या सभेचा देव रजेवर गेलाय वाटतं!" सोयराअक्का म्हणायच्या. त्या इथल्याच, तीन पिढ्यांच्या बेंगळुरी. सभेत त्यांचा शब्द पाळकांच्याही वर.

म्हणून शहाण्णव सालच्या त्या रविवारी मथुरा साळवे उठली, तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. मथुरा सोलापूरहून लग्न होऊन इथं आलेली. साड्यांना फॉल लावायची, मान खाली घालून बोलायची. तिच्या मुलीला, संयोगिताला, लहानपणापासून फिट यायच्या; गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या.

"उपास-प्रार्थनेच्या दिवशी पाहुण्या उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला," मथुरा म्हणाली. "त्याच दिवशी मी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. तेव्हापासून एक फिट नाही. प्रभूची स्तुती असो."

सोयराअक्का ढसाढसा रडल्या. बाहेर चपला घालणारी दोन तमिळ माणसंसुद्धा दारात थबकली.

घरी कृष्णाजी, तिचा नवरा, एवढंच म्हणाला, "गोळ्या टाकायच्या कशाला? देव काय गोळ्यांवर रागावलाय?"

"विश्वास अर्धा ठेवता येत नाही हो."

पण पुढच्याच आठवड्यात जेवताना संयोगिताच्या हातातला घास तसाच राहिला. नजर भिंतीवर. हाक मारली तर ओ नाही. मग एकदम, "काय गं आई?"

"काही नाही. जेव."

असं पुन्हा झालं. मग पुन्हा. मथुरानं कुणाला सांगितलं नाही, कृष्णाजीलाही नाही. साक्ष देऊन झाली होती. सांगायचं कुठल्या तोंडानं? मशीनवर पाय चालायचा आणि तोंडात एकच: प्रभू, मला खोटी पाडू नकोस.

एका दुपारी सोयराअक्का तिला न्यायला आल्या. इंदिरानगरात एका घरी साक्ष ऐकवायची होती. कृष्णाजी टेलिफोनच्या कारखान्यात, शिफ्टवर. मथुरा संयोगिताची वेणी घालत होती. वेणी हातातून हिसडली गेली. पोरगी ताठ झाली, पडली आणि झटके सुरू झाले. पूर्वी फिट आपोआप थांबायची. ही थांबेना. जरा सैल पडली की दुसरी सुरू.

"रिक्षा बोलावते," मथुरा म्हणाली.

"स्वल्प, जरा थांब!" अक्कांनी तिचं मनगट धरलं. "सैतान बघतोय, तू डगमगतेस का ते. आता दवाखान्यात नेलीस तर साक्षीचं काय? ती तमिळ मंडळी काय म्हणतील? प्रार्थना कर. देवाला विचार."

मथुरा गुडघ्यांवर बसली. "प्रभू, सांग. नेऊ का नको? एक शब्द."

घरमालकांकडं कुकरची शिटी झाली. कन्नड बातम्या लागल्या होत्या. संयोगिताच्या टाचा फरशीवर आपटत होत्या.

"एक शब्द, देवा. बोल ना रे!"

काही नाही. पोरीचे ओठ निळे पडत चालले होते. मथुरा उठली.

"काय म्हणाला?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही म्हणाला."

"मग?"

"मग तुम्ही पाय धरा. मी डोकं धरते."

अक्कांनी पाय धरले. रिक्षात मात्र त्या पुटपुटत राहिल्या, "लोकांना काय सांगायचं गं आता, काय सांगायचं..."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचे डोळे उघडून पाहिले आणि विचारलं, "गोळ्या रोज देता ना?"

अक्कांनी मथुराचा दंड दाबला. खाली मान घालून 'हो' म्हटलं की संपलं. मथुराच्या तोंडून तो 'हो' निघालाही. डॉक्टर वळले.

"नाही! डॉक्टर, नाही. बंद केल्या. मीच."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही. मीच टाकल्या. मधे लहान लहान फिट येत होत्या, नजर लागून राहायची, त्याही मी लपवल्या."

"आई आहात की कोण आहात तुम्ही?" डॉक्टर ओरडले आणि नर्सकडून सुई घेतली.

झटके थांबले. पण संयोगिता डोळे उघडेना.

"वाचेल ना?"

"जाग येऊ दे. मग कळेल."

बाकावर दोघी बसल्या. अक्कांनी विचारलं, "रविवारी काय सांगशील?"

"हेच."

"आणि पोरीला काही झालं तर?"

"तरी हेच." मथुरा अक्कांकडं वळली. "अक्का, तुम्ही प्रार्थना करा. मला आता काही मागता येत नाही."

अक्कांनी डोळे मिटले. सभेत पाऊण तास न थांबणारी ती बाई "हे देवबापा" म्हणाली आणि तिथंच अडली.

दवाखान्यातून कारखान्यात फोन गेला होता. व्हरांड्याच्या टोकाला कृष्णाजी दिसला, कारखान्याच्या कपड्यांत, धावत. देवा, पाय उचलू दे, एवढंच मथुरा म्हणाली आणि उठून त्याच्यासमोर गेली.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"झोपलीय. अहो, आत जाण्याआधी माझं ऐकून घ्या."